दुसऱ्या बाइटात सगळं आहे!

राउटरचा पासवर्ड माहीत नाही, त्याच्या आत शिरायची सोय नाही, त्याला एक अक्षरही विचारलेलं नाही, आणि तरी नुसतं त्याच्या शेजारी लॅपटॉप घेऊन अर्धा मिनिट बसलं की तो रिपचं पहिलं व्हर्जन चालवतोय की दुसरं हे छातीठोकपणे सांगता येतं! हे कळल्यापासून मी भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय. घरचे कंटाळले. ऑफिसात मी चहाला उठलो की बाकीचे बसून राहतात. आता तुमची पाळी.

मी हिशेबाच्या कामातला माणूस. जमाखर्च, व्हाउचर, जीएसटीचे तक्ते, यापलीकडे माझा कॉम्प्युटरशी संबंध नाही. नेटवर्किंग हा भाच्याचा प्रांत. त्याने शिकत असताना कुठून तरी जुने सिस्को १८४१ राउटर मिळवले होते, तीन. नोकरीसाठी बंगळूरला जाताना ते आमच्या माळ्यावर ठेवून गेला. दिवाळीच्या साफसफाईत ते खाली आले आणि 'भंगारात देऊ का' असं विचारायला मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, देशील खुशाल, पण आधी एकदा पेटव तिन्ही. कुठला रिपचं कुठलं व्हर्जन बोलतो ते शोधून सांग. मी आत थोडी गंमत करून ठेवलीय." एवढंच म्हणाला आणि मी अडकलो!

आधी रिप म्हणजे काय ते. राउटिंग इन्फर्मेशन प्रोटोकॉल. राउटरचं काम म्हणजे आलेलं पॅकेट कुठल्या वाटेने पुढे ढकलायचं ते ठरवणं. पण वाटा त्याला कळायच्या कशा? एक तर माणसाने हाताने लिहून द्यायच्या, नाहीतर राउटरांनी एकमेकांना सांगायच्या. हे एकमेकांना सांगणं म्हणजे राउटिंग प्रोटोकॉल, आणि त्यातला फार जुना, सगळ्यांत भोळा म्हणजे रिप. दर ३० सेकंदांनी प्रत्येक राउटर आपल्याला ठाऊक असलेली नेटवर्क शेजाऱ्याला सांगतो: अमुक नेटवर्क माझ्याकडून एका टप्प्यावर, तमुक दोन टप्प्यांवर. शेजारी त्यात आपला एक टप्पा मिळवतो आणि पुढच्याला सांगतो. सगळा कारभार सांगोवांगीचा. प्रत्यक्ष नकाशा कुणाकडेच नाही. पंधरा टप्प्यांपर्यंत ठीक, सोळा म्हणजे अनंत, म्हणजे पोचताच येत नाही. रिपच्या जगात अनंत सोळावर संपतं! मला हिशेबनिसाला हे फार आवडलं.

तर मी राउटर पेटवले. बाप रे, काय आवाज त्यांच्या पंख्यांचा! शेजारच्या काकू विचारायला आल्या, मिक्सर बिघडला का. एक फिकट निळी चपटी केबल असते, तिला कन्सोल केबल म्हणतात. तिचं एक टोक राउटरला, दुसरं यूएसबीच्या अ‍ॅडॅप्टरमधून लॅपटॉपला, त्यावर पुटी नावाचा फुकट प्रोग्रॅम, वेग ९६००, आणि एन्टर मारला की काळ्या पडद्यावर राउटर तुमच्याशी बोलायला लागतो. भाच्याने पासवर्ड ठेवलेला नव्हता, त्यामुळे थेट आत.

आता उत्तर कुठे शोधायचं? पहिल्यांदा डोक्यात येतं ते 'शो व्हर्जन'. नावातच व्हर्जन आहे! पण ते सांगतं राउटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं व्हर्जन. रिपचा त्यात उल्लेखही नसतो. मग 'शो आयपी रूट'. त्यात सगळ्या वाटांची यादी येते, रिपने कळलेल्या वाटेपुढे आर हे अक्षर आणि चौकटी कंसात १२०, तिरपी रेघ आणि टप्प्यांचा आकडा. हा १२० म्हणजे सिस्कोने रिपला दिलेली विश्वासार्हतेची पायरी. आकडा जितका लहान तितका विश्वास जास्त, आणि ओएसपीएफ हा दुसरा राउटिंग प्रोटोकॉल ११० वर आहे, म्हणजे रिपची पत बेताचीच. पण पहिल्या व्हर्जनने कळलेली वाट आणि दुसऱ्याने कळलेली, दोघींपुढे तोच आर आणि तोच १२०. मग 'शो रन', म्हणजे चालू सेटिंग. तिथे 'राउटर रिप', खाली नेटवर्कची नावं, आणि पहिल्या दोन राउटरांत व्हर्जनची ओळच नाही. कुणी लिहिलीच नाही तर दिसणार कशी?

आणि मग तो आदेश: 'शो आयपी प्रोटोकॉल्स'. दर ३० सेकंदांनी अपडेट, १८० सेकंद काही ऐकू आलं नाही तर वाट बाद, २४० ला यादीतून हकालपट्टी, हे सगळं येतं, आणि मधोमध एक ओळ येते: 'डिफॉल्ट व्हर्जन कंट्रोल: सेंड व्हर्जन १, रिसीव्ह एनी व्हर्जन'.

मी ती ओळ पुन्हा वाचली. पाठवतो एक, ऐकतो कुठलंही! म्हणजे भाच्याचा प्रश्नच अपुरा होता. 'राउटर कुठलं व्हर्जन चालवतो' याला एक उत्तर नसतंच. बोलतो कुठलं हे वेगळं आणि ऐकतो कुठलं हे वेगळं. त्याच ओळीखाली छोटा तक्ता असतो, प्रत्येक इंटरफेससमोर 'सेंड' आणि 'रिसीव्ह' असे दोन रकाने. माझ्या पहिल्या राउटरच्या इंटरफेससमोर सेंडखाली १ आणि रिसीव्हखाली १ २ असे दोन आकडे. म्हणजे राउटरचं सुद्धा एक उत्तर नाही, त्याच्या प्रत्येक दाराचं निराळं असू शकतं. तक्ता वाचायची मला सवय आहे, पण दोन रकान्यांत इतकं काही सामावलेलं मी क्वचितच पाहिलंय.

दुसरा राउटरही पहिल्यासारखाच निघाला. तिसऱ्यात मात्र 'सेंड व्हर्जन २, रिसीव्ह व्हर्जन २'. तिथे कुणीतरी, म्हणजे भाच्यानेच, 'व्हर्जन २' अशी स्पष्ट ओळ लिहिली होती. आणि ती लिहिली की राउटर जुनं बोलणं ऐकायचंच बंद करतो.

आता काय होतं पाहा. तिघे एका रांगेत जोडलेले. मधला, म्हणजे दुसरा राउटर, पहिल्या व्हर्जनमध्ये बोलतो पण दोन्ही ऐकतो. तिसरा दुसऱ्यातच बोलतो, दुसरंच ऐकतो. म्हणजे तिसऱ्याचं बोलणं मधल्याला कळतं, पण मधल्याचं तिसऱ्याला नाही! मधल्याच्या यादीत तिसऱ्याच्या वाटा आहेत, तिसऱ्याच्या यादीत मात्र रिपने कळलेली एकही वाट नाही. केबल ठीक, दिवे हिरवे, सगळं चालू, आणि माहिती एकाच दिशेने वाहतेय. तिसऱ्यावर 'डीबग आयपी रिप' लावलं आणि बघत बसलो. काही सेकंदांत ओळ उमटली. तिचा अर्थ असा: १९२.१६८.२३.२ कडून, म्हणजे मधल्याकडून, आलेलं पहिल्या व्हर्जनचं पॅकेट दुर्लक्षित, कारण 'इल्लीगल व्हर्जन'. बेकायदेशीर! शब्द केवढा आणि गुन्हा केवढा!

डीबग म्हणजे राउटरला 'जे करतोस ते मोठ्याने बोलत कर' असं सांगणं. तो पाठवतो तेव्हा 'व्ही वन अपडेट पाठवतोय' असं लिहितो, कुठल्या पत्त्यावर तेही लिहितो. मिळालं की कुणाकडून, कुठल्या दाराने, कुठलं व्हर्जन. मी तासन्‌तास बघू शकलो असतो. तीस सेकंद मात्र तंतोतंत पडत नाहीत, कधी सत्तावीस, कधी एकोणतीस. हे मुद्दाम केलेलं असतं. सगळे राउटर एकाच ठोक्याला बोलायला लागले तर नेटवर्कवर दर अर्ध्या मिनिटाला गर्दी उसळते, म्हणून प्रत्येकाने वेळ थोडी पुढेमागे करावी असं नियमातच सांगितलंय. सॅली फ्लॉइड आणि व्हॅन जेकबसन यांनी नव्वदीच्या दशकात यावर अख्खा शोधनिबंध लिहिला: कुणी न ठरवताही राउटर हळूहळू एका तालात कसे येतात. विषयांतर होतंय, पण मला राहवलं नाही.

पण हे सगळं राउटरच्या आत शिरून. खरी मजा बाहेर आहे!

भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, "मामा, आता कन्सोल केबल काढ. बाहेरून ओळखून दाखव." पहिल्या आणि मधल्या राउटरमध्ये मी एक साधा पाच पोर्टचा स्विच टाकला, त्याच्या मोकळ्या पोर्टात लॅपटॉप, लॅपटॉपवर वायरशार्क. हे १९९८ मध्ये इथिरिअल नावाने आलेलं सॉफ्टवेअर, गेराल्ड कोम्ब्स यांचं, २००६ पासून वायरशार्क. तारेवरून जाणारं प्रत्येक पॅकेट उघडून दाखवतं आणि फुकट आहे. वरच्या पट्टीत 'रिप' एवढंच लिहायचं. स्विचवर वेगळी काही सेटिंग लागत नाही, कारण रिपचं अपडेट एकट्याला उद्देशून नसतंच. पहिलं व्हर्जन २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यावर पाठवतं, म्हणजे तारेवरच्या सगळ्यांना. दुसरं २२४.०.०.९ वर, म्हणजे रिप समजणाऱ्यांच्या गटाला, पण साधा स्विच तेही सगळ्या पोर्टांवर सोडतो. तुम्ही नुसतं बसायचं.

आणि आलं! एकच ओळ, पॅकेट ६६ बाइटांचं. इथरनेटचे १४ बाइट, आयपीचे २०, यूडीपीचे ८, दोन्हीकडचा पोर्ट ५२०. बेचाळीस झाले. पुढे चोवीस बाइट रिपचे, आणि त्यांची सुरुवात अशी: ०२ ०१ ०० ००.

पहिला बाइट सांगतो की हे काय आहे. १ असेल तर विचारणा, २ असेल तर उत्तर. दर तीस सेकंदांचं अपडेट हेही 'उत्तर'च, कुणी न विचारता दिलेलं. आणि दुसरा बाइट म्हणजे व्हर्जन. बस्स! ०१ म्हणजे पहिलं, ०२ म्हणजे दुसरं. लॅपटॉप उचलून मधल्या आणि तिसऱ्याच्या मध्ये लावला, तिथे तिसऱ्याच्या पॅकेटात ०२ ०२. एका आकड्याचा फरक. मी खुर्चीतून उठून घरभर फिरलो. रात्री साडेअकराला घरात कुणाला सांगणार? सांगितलंच तरी.

पण थांबा, याहून सुंदर पुढे आहे. त्या चार बाइटांनंतर प्रत्येक वाटेला २० बाइट. एका पॅकेटात जास्तीत जास्त २५ वाटा, म्हणजे चार अधिक पाचशे, ५०४. पहिल्या व्हर्जनमध्ये या वीस बाइटांचं काय केलंय? दोन बाइटांत पत्त्याचा प्रकार, दोन रिकामे, चारांत आयपी पत्ता, मग चार रिकामे, पुन्हा चार रिकामे, शेवटच्या चारांत टप्प्यांचा आकडा. वीसपैकी दहा बाइट शून्य! पडद्यावर नुसती शून्यांची रांग. हिशेबाच्या वहीत कुणी अर्धी रकान्यांची जागा अशी सोडली असती तर मी ओरडलो असतो.

ही शून्यं आली कुठून? रिपचा उगम झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रातला. तिथून तो बर्कलीच्या युनिक्समध्ये 'राउट-डी' नावाच्या प्रोग्रॅमच्या रूपाने आला. १९८३ च्या ४.२ बीएसडीबरोबर तो जगभर पसरला. युनिक्सबरोबर फुकट मिळतो म्हणून सगळे वापरायला लागले आणि नियम मात्र कागदावर कुठेच नाहीत! ते लिहिले रटगर्स विद्यापीठाच्या चार्ल्स हेड्रिक यांनी, जून १९८८ मध्ये, आरएफसी १०५८ या दस्तऐवजात. आधी वापर, मागून नियम. या मांडणीत पत्त्यासाठी १४ बाइट धरले होते, कारण रिपने फक्त आयपीचेच नव्हे तर इतर घराण्यांचेही पत्ते वाहावेत अशी कल्पना होती. आयपीला लागले चार. उरलेल्यांवर लिहिलं: 'शून्य असलंच पाहिजे'.

आणि हेड्रिक यांनी त्या दस्तऐवजात पुढच्या व्हर्जनांची तरतूद करून ठेवली. व्हर्जन ० आलं तर फेकून द्या. व्हर्जन १ असेल आणि त्या रिकाम्या जागांत शून्याखेरीज काही असेल तर फेकून द्या. पण व्हर्जन १ पेक्षा मोठं असेल तर रिकाम्या जागांकडे काणाडोळा करा आणि जे कळतं ते घ्या! म्हणजे दुसरं व्हर्जन अस्तित्वातच नव्हतं तेव्हा पहिल्याला सांगून ठेवलं होतं की धाकटा येईल, तो या जागांत काहीतरी लिहील, तू घाबरू नकोस.

धाकटा आला जानेवारी १९९३ मध्ये. गॅरी मॅल्किन यांनी आरएफसी १३८८ लिहिला, १९९४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती, आणि १९९८ मध्ये आज प्रमाण मानला जातो तो आरएफसी २४५३. मॅल्किन यांनी पॅकेटची लांबी एका बाइटानेही वाढवली नाही. तेच वीस बाइट. पहिल्या दोन रिकाम्यांत वाटेची खूण, पुढच्या चार रिकाम्यांत सबनेट मास्क, त्यापुढच्या चारांत पुढचा टप्पा कुणाकडे त्याचा पत्ता. दहाच्या दहा शून्यं कामाला लागली! वायरशार्कमध्ये दोन्ही व्हर्जनांची पॅकेटं वरखाली ठेवून बघा. जिथे वर नुसती शून्यं आहेत, तिथेच खाली मास्क बसलेला दिसतो. मला याचं इतकं अप्रूप वाटलं की मी दोन्हींची प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे.

मास्क म्हणजे आयपी पत्त्यातला नेटवर्कचा भाग किती आणि आतल्या मशिनचा किती हे सांगणारा आकडा. पहिल्या व्हर्जनमध्ये तो जातच नाही. ऐकणाऱ्याने अंदाज करायचा. तुमच्या गावच्या स्टँडवर एसटी लागली आणि पाटीवर नुसतंच 'पुणे' लिहिलंय, स्वारगेट की शिवाजीनगर ते नाहीच, तर तुम्ही काय कराल? पहिल्या व्हर्जनचं असंच आहे. पूर्वी पत्ते ए, बी, सी अशा ठरीव वर्गांत वाटलेले असत तेव्हा चालून जायचं, पत्ता पाहिला की वर्ग कळायचा आणि वर्गावरून मास्क. १९९३ मध्ये वर्गांची ही पद्धत मोडीत काढणारी सीआयडीआर आली, तेव्हा मास्क न सांगणारा प्रोटोकॉल कालबाह्य झाला.

भाच्याने नेमकं हेच मांडून ठेवलं होतं. पहिल्या राउटरवर १७२.१६.१.०, तिसऱ्यावर १७२.१६.३.०, मध्ये वेगळीच नेटवर्क. दोन्ही टोकांची नेटवर्क १७२.१६ या एकाच मोठ्या कुळातली, पण मध्ये परका मुलूख. वर्गाच्या हिशेबाने १७२.१६ हा बी वर्ग, त्यामुळे दोन्ही टोकं मधल्याला एकच गोष्ट सांगतात: १७२.१६.०.० माझ्याकडे, एका टप्प्यावर. मधला बिचारा दोघांवर विश्वास ठेवतो आणि पॅकेटं आळीपाळीने एकदा इकडे एकदा तिकडे पाठवतो. मधल्यावरून १७२.१६.१.१ ला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का' विचारणारी पाच पॅकेटं पाठवली, तर पडद्यावर काय उमटतं? उद्गारचिन्ह, यू, उद्गारचिन्ह, टिंब, उद्गारचिन्ह. उद्गारचिन्ह म्हणजे पोचलं, यू म्हणजे पलीकडच्याने 'हे इथे नाही' म्हणून परत पाठवलं, टिंब म्हणजे उत्तरच नाही. पाचातले तीन पोचले. पूर्ण बंद पडलेलं नेटवर्क परवडलं, असं साठ टक्के चालणारं नको!

मग मी तिन्हींवर 'व्हर्जन २' टाकलं. वायरशार्कमध्ये सगळीकडे ०२ ०२. पिंग केलं. तेच, उद्गारचिन्ह, यू, उद्गारचिन्ह! व्हर्जन बदललं, मास्क जायला लागला, पण जाणारा मास्क होता २५५.२५५.०.०. कारण सिस्कोच्या राउटरमध्ये 'ऑटो समरी' मुळात चालू असते: कुळाची हद्द ओलांडताना लहान नेटवर्क गुंडाळून मोठ्या नावाने सांगायची जुनी सवय. दुसऱ्या व्हर्जनला नेमकं सांगता येतं, पण नेमकं सांग असं कुणी म्हटलेलं नसतं. दोन्ही टोकांवर 'नो ऑटो समरी' टाकलं, आणि वायरशार्कच्या पुढच्या पॅकेटात १७२.१६.१.०, आणि त्याच्या शेजारी पूर्वी शून्यं असायची त्या जागी एफएफ एफएफ एफएफ ००, म्हणजे २५५.२५५.२५५.०. जुन्या मोठ्या वाटा यादीतून गळल्या आणि पाचही उद्गारचिन्हं!

व्हर्जन ओळखणं का महत्त्वाचं, ते मला इथे कळलं. आकडा ओळखला की राउटर काय सांगू शकतो ते कळतं. तो प्रत्यक्षात काय सांगतोय, ते मात्र पॅकेटातच बघावं लागतं.

आता भाच्याची गंमत. मधल्या आणि तिसऱ्याच्या मध्ये लॅपटॉप लावला तेव्हा तिसऱ्याच्या पॅकेटात दुसरा बाइट ०२ होता, पण पत्ता? २५५.२५५.२५५.२५५! पहिल्या व्हर्जनचा पत्ता, दुसऱ्या व्हर्जनचा बाइट. तिसऱ्याच्या इंटरफेसवर त्याने 'आयपी रिप व्ही टू ब्रॉडकास्ट' अशी ओळ लिहून ठेवली होती. गटाच्या पत्त्यावरचं न ऐकणाऱ्या जुन्या यंत्रांसाठी ही सोय आहे. म्हणजे नुसत्या पत्त्यावरून व्हर्जन सांगणं कच्चं, बाइट पाहणं पक्कं. दुसरीकडे एकाच इंटरफेसवर 'आयपी रिप सेंड व्हर्जन १ २' असंही लिहिता येतं. मधल्यावर मी ते करून पाहिलं, तर दर वेळी दोन पॅकेटं, एक ०१ वालं सगळ्यांना, एक ०२ वालं गटाला. हा राउटर कुठलं व्हर्जन चालवतो? दोन्ही! भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, तू आता परीक्षाच दे."

आणखी एक. दुसऱ्या व्हर्जनमध्ये पासवर्ड लावता येतो. तो जातो पहिल्या वाटेच्या वीस बाइटांच्या जागेत, पत्त्याच्या प्रकाराऐवजी एफएफ एफएफ लिहून. मग वाटा २४ च मावतात. साधा पासवर्ड लावला तर सोळा अक्षरांपर्यंतचा तो शब्द वायरशार्कमध्ये उघडा वाचता येतो. मी 'शंकरपाळी' रोमन लिपीत ठेवून पाहिला, दिसला! एमडी५ ची पद्धत लावली की नाही दिसत. आणि हा दुसरा बाइट सर्वज्ञ आहे असंही नाही. आयपीच्या सहाव्या व्हर्जनसाठी रिपचा जो अवतार १९९७ मध्ये आला, रिप-एनजी, त्याच्या व्हर्जनच्या बाइटात पुन्हा १ आहे. पण तो ५२१ पोर्टवर बोलतो. म्हणून आधी पोर्ट, मग बाइट.

बाकीच्या प्रोटोकॉलांचं थोडक्यात सांगतो, कारण मी अजून तिथे रमलेलो नाही. ओएसपीएफमध्ये व्हर्जन पहिल्याच बाइटात असतं, आज २ किंवा ३ सापडतं. बीजीपी, म्हणजे अख्खं इंटरनेट ज्यावर उभं आहे तो प्रोटोकॉल, याची पहिली कल्पना कर्क लॉगहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी १९८९ मध्ये ऑस्टिनच्या बैठकीत जेवताना हात पुसायच्या कागदांवर मांडली होती. तो रिपसारखं न विचारता सांगत सुटत नाही. ओळख करून देतानाच्या पहिल्या निरोपात व्हर्जन सांगतो, समोरच्याला मान्य नसेल तर तसा नकार येतो. आज तिथे ४ असतं.

रिपला आज मोठ्या नेटवर्कमध्ये कुणी विचारत नाही हे मला माहीत आहे, भाच्याने चारदा बजावलंय. पहिलं व्हर्जन तर १९९६ मध्येच आरएफसी १९२३ ने इतिहासजमा करायला सांगितलं. तरी सिस्कोच्या राउटरवर तुम्ही नुसतं 'राउटर रिप' लिहिलंत तर तो आजही पहिल्या व्हर्जनमध्येच बोलायला लागतो! आणि हे निरुपद्रवी नाही. पहिल्या व्हर्जनमध्ये ओळख पटवायची सोयच नाही. पत्त्याचा प्रकार ०, टप्पे १६ असं लिहिलेली २४ बाइटांची विचारणा आली की राउटर आपली अख्खी यादी परत पाठवतो, ५०४ बाइटांची पॅकेटंच्या पॅकेटं. विचारणाऱ्याने परतीचा पत्ता खोटा, तिसऱ्याच कुणाचा लिहिला असेल तर तो भडिमार त्या तिसऱ्यावर. इंटरनेटकडे तोंड करून असे उघडे राहिलेले जुने राउटर वापरून हल्ले होत असल्याचा इशारा अकामाई या कंपनीने २०१५ मध्ये दिला होता. सत्तावीस वर्षं जुन्या दस्तऐवजातल्या सौजन्याचा हा असा उपयोग. माझं मत स्पष्ट आहे: पहिलं व्हर्जन बाहेरच्या दारावर कुठेही दिसलं तर ते त्याच दिवशी बंद करावं.

राउटर भंगारात गेलेले नाहीत. तुमच्याकडे ते नसले तरी अडत नाही. सिस्कोचा पॅकेट ट्रेसर फुकट मिळतो, त्यात राउटर पडद्यावर ओढून जोडता येतात आणि पॅकेट उघडून आतले रकाने बघता येतात. लिनक्स जमत असेल तर एफआरआर घ्या. झेब्रा नावाच्या जुन्या प्रोग्रॅमपासून निघालेल्या क्वागाचा तो वारस, आणि क्वागा म्हणजे झेब्र्याची नामशेष झालेली जात. एफआरआर मुळातच दुसऱ्या व्हर्जनमध्ये बोलतो आणि दोन्ही ऐकतो, म्हणजे बोलण्यात सिस्कोच्या उलट. एका बाजूला हा आणि दुसऱ्या बाजूला तो लावून बघा, कोण कुणाचं ऐकतं ते आधी कागदावर लिहा आणि मग वायरशार्क उघडा. ऑफिसच्या नेटवर्कवर मात्र परवानगीशिवाय वायरशार्क लावू नका. आणि चालत्या राउटरवर डीबग लावायची वेळ आलीच, तर उठण्यापूर्वी 'अनडीबग ऑल' टाइप करा, नाहीतर तो बडबडतच राहील आणि त्याचा प्रोसेसर त्यातच दमेल.